पत्त्यात दोष की मागात

शाळेच्या प्रश्नपत्रिका घरीच टाइप कराव्यात म्हणून मी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. नव्या पेठेतल्या एका दुकानातून सुटे भाग जोडून घेतले आणि "सिस्टीम मीच टाकते," असं तिथं ऐटीत सांगून आले.

रविवारी सकाळी दुकानातूनच आणलेली सिस्टीमची सीडी घातली. चौतीस टक्क्यांवर पडदा निळा पडला. पुन्हा सुरुवात केली, तर एकसष्टला अडलं. तिसऱ्यांदा बारालाच. दुकानदाराला फोन केला.

"सीडी खराब असंल की मॅडम. दुसरी घेऊन जावा."

दुसरी आणली. तिचंही तेच. मी तिसरीसाठी चपला घालत होते, तेव्हा इतका वेळ मागं खुर्चीवर बसलेले माझे वडील बोलले. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, आणि ते आम्हा लेकींना तेलुगू रीतीनं अम्मा.

"थांब अम्मा. दर बारीला एकाच जागी अडतंय का?"

"नाही अप्पा. प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी."

"मग पत्त्यात दोष न्हाय. मागात हाय."

सत्तरच्या दशकात आम्ही भवानी पेठेत दोन खोल्यांत राहायचो, तेव्हा अप्पा चादरींच्या जॅकार्ड मागासाठी पत्ते तयार करायचे. पत्ते म्हणजे पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या. त्यांवरच्या भोकांप्रमाणे कुठला दोरा उचलायचा ते मागाला कळायचं आणि चादरीवर फूल उमटायचं. आई चौकटीच्या कागदावरचं डिझाईन तेलुगूत मोजून सांगायची, अप्पा ठक ठक भोकं पाडायचे. खाली पडलेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या आम्ही बहिणी बिस्किटाच्या डब्यात साठवायचो आणि गल्लीतल्या लग्नात नवरा-नवरीवर उधळायचो. त्या ठकठकीत मी पाढे पाठ केले. अजूनही तेराचा पाढा म्हणताना मधे थोडी थांबते, कारण आई तिथं ओळ बदलायची.

डिझाईन चुकलं की कारखान्यातून अप्पांना बोलावणं यायचं. ते आधी चादर लांबवर पसरून बघायचे. प्रत्येक फुलात तीच पाकळी मोडली असेल तर चूक पत्त्यातली, म्हणजे त्यांची. कुठंही, कशीही मोडली असेल तर मागाची. हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं आणि गणित शिकवूनही मला आठवलं नव्हतं.

मी चपला काढल्या. कॉम्प्युटरची पेटी उघडली. मेमरीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या.

"ह्या दोन्ही कशाला?" अप्पांनी वाकून विचारलं.

"काम करताना ते जे काही लक्षात ठेवतं, ते यात राहतं."

"एक काढून बघ की."

एक काढली. एकोणीस टक्क्यांवर पुन्हा निळा पडदा. अप्पा म्हणाले, "आता ही काढ, ती घाल." घातली. चौतीस गेले, एकसष्ट गेले. अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. नव्वदही गेले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, "जेवणार हाय का न्हाय कुणी?" शंभर झाले, नवा पडदा उघडला, आणि अप्पांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा घसरला.

दुसऱ्या दिवशी खराब पट्टी बदलून आणायला अप्पा हट्टानं बरोबर आले, इस्त्रीचा सदरा घालून. दुकानदारानं पट्टी आपल्या मशीनवर लावून बघितली आणि मान डोलावली.

"बरोबर शोधलंत. कुठल्या इंजिनिअरनं सांगितलं?"

मी अप्पांकडे बोट केलं. अप्पा काउंटरच्या काचेखाली मांडलेल्या मेमरीच्या हिरव्या पट्ट्यांवरच्या सोनेरी रेघा निरखण्यात गुंग होते. त्यांनी वर बघितलंच नाही. काचेवर बोट ठेवून दुकानदाराला म्हणाले, "ही बारीक नक्षी कोण काढतं हो? हात लई चांगला हाय त्याचा."