एका सहीसाठी बेटाला वळसा

आमचे हे मुंबईला आठ दिवस राहून आले आणि दर्यावर्दी झाले.

मास्तरांच्या कसल्याशा शिबिराला गेले होते. तिथे एका संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी लांबून शिडाची गलबतं पाहिली. चढले एकावरही नाहीत. पण परत आल्यापासून घरात वारा, शीड आणि सुकाणू यांशिवाय दुसरा विषय नाही. बोलणंही बदललं. जाताना "काऊन वो, भात झाला का?" असं विचारणारा माणूस आला तो "काय गं, पानं वाढलीस का?" म्हणत. चार घरं पलीकडे त्यांची सख्खी आई "मले, तुले" करत बसलेली, आणि लेकाच्या तोंडी ही शिबिरातल्या पुण्याच्या मास्तरांकडून उचललेली पुणेरी भाषा. हसू दाबणं हे बायकोच्या कामांपैकी एक काम असतं. मी ते लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पुरतं शिकले होते.

नवेगावच्या बांधाजवळच्या एका खेड्यात हे शाळेत मास्तर होते. हा बांध म्हणजे आमच्या भागातला सर्वांत मोठा तलाव. भोवती डोंगर, गावाच्या बाजूला पाणी अडवणारी मातीची पाळ, मधे झाडीने भरलेलं एक बेट. माझं माहेर केशोरीकडचं, धानाच्या शेतीचं. बापाने मला सातवीच्या परीक्षेपर्यंत शिकवलं होतं आणि मी पास झाले होते, ही गोष्ट सासरी कुणी आपण होऊन काढत नसे. तेव्हा आमचा भाग मध्यप्रदेशात होता, शाळा जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याच्या कारभारी मंडळाच्या असत. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती आणि आमच्या गावात मुलींची शाळा निघणार होती. तिला एक बाई हवी होती. मी अर्ज केला. उत्तर आलं की बाईंना घेऊ, फक्त नवऱ्याची हरकत नाही असं त्याच्या सहीने लिहून द्या. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडायच्या आत कागद पोचला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या गावची बाई तयार होती.

तो कागद यांनी बारा दिवस ट्रंकेत ठेवला. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. विचारलं की "बघू". मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. दागिना नको, लुगडं नको. सकाळी उठून, वेणी घालून, दार ओढून घेऊन शाळेत जायचं, एवढंच हवं होतं. हे यांना चांगलं माहीत होतं, म्हणूनच "बघू" म्हणण्यात गोडी होती.

शेवटी एक दिवस सोबतचे दोन मास्तर घरी बसले असताना यांनी निकाल दिला. "भित्री बाई चाळीस पोरी काय सांभाळणार? रविवारी मी शिडाच्या नावेतून बेटाला वळसा घालणार आहे. ही बरोबर येईल. ओरडली नाही, तर पाळीवर उतरल्या उतरल्या सही करतो." दोघं मास्तर हसले. कागद थोरल्या मास्तरांच्या स्वाधीन झाला, पंच म्हणून. माझ्या पोटापाण्याची गोष्ट यांच्या चिवड्याबरोबर ठरली.

आता शिडाची नाव आणायची कुठून? आमच्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे, म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली लांबट होडी. त्यात उभं राहून बांबूने रेटत जायचं. त्याला शीड लावायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. पोती किंवा माणसं न्यायची असली की ढिवर दोन डोंगे आडव्या बांबूंनी एकमेकांना बांधतात. तसा जोडडोंगा यांनी एका म्हाताऱ्या ढिवराकडून मागून घेतला. शीड म्हणून शाळेच्या संमेलनाचा पडदा काढला. त्यावर चित्रकलेच्या मास्तरांनी राजदरबार रंगवला होता. मधे सिंहासनावर राजा, एक मिशी वर आणि एक खाली. पाच दिवस यांनी त्या पडद्याला दोऱ्या शिवल्या. घरातली सुई हरवली ती हरवलीच.

रविवारी सकाळी पाळीवर गेलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. पण पूर्वेकडे आभाळ मातकट दिसत होतं. कार्तिकाचा महिना. धान कापून शेतातल्या बांध्यांमध्ये पडलेला, आणि सारा गाव मान वर करून आभाळाकडे बघत होता. एकच माणूस बघत नव्हता. तो डोळ्यांवर हात धरून बेटाकडे बघत होता आणि पायांत बूट होते.

"मास्तर, आज नोको जाऊ," म्हातारा ढिवर म्हणाला. "हवा फिरून राहिली. बेटाच्या मांगं दोन डोंगरांच्या मधून वारा येते, तो लई वाईट."

"वारा तर हवाच आहे, बाबा," हे म्हणाले. "शीड कशाला बांधलं मग?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू कायले जातेस वो बाई?"

"जा लागते जी," मी म्हटलं. सहीचं त्याला काय सांगणार?

निघालो. डावीकडच्या डोंग्यात मी, उजवीकडच्यात हे. सुरुवातीला वारा पाठीशी होता आणि खरं सांगायचं तर मजा आली. पडदा फुगला, राजाचं पोट सुटलं आणि डोंगे असे सुटले की पाळीवरची माणसं बघता बघता बोटाएवढी झाली. हे उभे राहून हात पसरून काहीतरी भाषण करत होते. मी बदकं बघत होते. बेटाच्या आडोशाला गेलो तसा वारा पडला, ऊन गेलं, झिमझिम सुरू झाली. पडदा ओल्या गोणपाटासारखा लोंबू लागला. राजाचा रंग ओघळून यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. मी म्हटलं, "शीड उतरवा आता." हे म्हणाले, "तुला यातलं काय कळतं?"

मला काय कळत होतं ते यांनी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या माहेरी तलाव होता. शिंगाडे तोडायला मी लहानपणी डोंग्यातून जायची आणि म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकले होते. विषय निघाला असता तर सांगितलं असतं. पण यांच्या घरात विषय एकाच तोंडातून निघत.

बेटाची पाठ ओलांडली आणि म्हाताऱ्याने सांगितलेला वारा आला. दोन डोंगरांच्या मधून आला तो थेट बाजूने. ओला पडदा एकदम भरला, तो बांधलेला उभा बांबू कडकडला आणि पडदा बांबूसकट उजव्या बाजूला पाण्यात पडला. पडला आणि बुडाला. पाणी भरून तो यांच्या डोंग्याला खाली ओढू लागला. दोऱ्यांच्या गाठी यांनी स्वतः मारलेल्या, एकावर एक सात. त्या सुटतात कशाला! उजव्या डोंग्यात पाणी शिरलं. तो बुडाला असता तर त्याने माझ्या डोंग्यालाही बरोबर नेलं असतं, कारण दोन्ही एकमेकांना बांधलेले.

तेव्हा ओरडणं झालं. "अवो माय वो! मले पोवता येत नाही! धर वो मले, धर!"

पुणं कुठल्या कुठे गेलं. शुद्ध आमच्या झाडीपट्टीतली बोली, आईच्या घरची. मला त्या क्षणीसुद्धा, पाणी पायाशी लागत असताना, हसू आलं. आणि ज्या माणसाला पोहता येत नाही त्याने पाच दिवस बसून हे शीड शिवलं, याचा असा संताप आला की भीतीला जागाच उरली नाही.

"इकडे या," मी म्हटलं. येईनात. आडव्या बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले. मी वाकून त्यांची कॉलर धरली आणि त्यांना ओढून माझ्या डोंग्यात घेतलं. पाण्यातले वेल कापायला ढिवर डोंग्यात विळा ठेवतात. तो घेतला आणि दोन्ही डोंगे जोडणाऱ्या दोऱ्या एकेक करून कापल्या. उजवा डोंगा राजाला घेऊन तोंडापर्यंत बुडाला आणि वाऱ्याबरोबर निघून गेला.

आमच्या डोंग्यातही घोटाभर पाणी होतं. "उपसा," मी म्हटलं. "कशाने?" "बुटाने." त्यांनी एक बूट काढला आणि खाली बसून पाणी उपसू लागले. त्या बुटाचा तेवढाच उपयोग झालेला मी पाहिला. मी बांबू घेऊन उभी राहिले. बेटाच्या कडेने उथळ पाणी होतं. तिथून रेटत, झाडांच्या फांद्या धरत, वारा अंगावर आला की थांबत, अर्ध्या तासाच्या जागी दोन तास घेत मी तो डोंगा बेटाला पूर्ण वळसा घालून पाळीकडे आणला. हाताला फोड आले आणि फुटले. तोंडातून आवाज मी एकदाही काढला नाही. तो हिशेब मनात पक्का होता. वळसा झाला, ओरडले नाही, सही माझी.

पाळ वीस हात राहिली तेव्हा हे उठले. बूट घातला, सदरा झटकला, केस मागे केले. "दे इकडे," म्हणाले आणि माझ्या हातातून बांबू घेतला. शेवटचे वीस हात त्यांनी रेटले. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पाळीवर दोघं मास्तर छत्री धरून उभे होते. म्हातारा ढिवर होता. पावसाच्या भीतीने धान झाकून आलेली पाच-सात माणसंही जमली होती.

"काय सांगू," हे उतरता उतरता म्हणाले, पुन्हा पुण्याच्या भाषेत. "वादळ आलं. ही घाबरली. रडारड, आरडाओरडा, माझे पायच धरले. हिला सांभाळू की नाव सांभाळू? शेवटी एक डोंगा सोडून द्यावा लागला."

थोरल्या मास्तरांनी खिशातला कागद काढला होता. तो त्यांनी परत आत ठेवायला घेतला. पैज ओरडण्याचीच होती ना!

म्हातारा माझ्या हातांकडे बघत होता. विळा अजून माझ्या कमरेला होता. "काऊन वो बाई," तो हळूच म्हणाला, "खरंच घाबरली होतीस का तू?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं सांगावं. बूट, कॉलर, अवो माय, सगळं सांगावं. हा माणूस त्या गावात पुन्हा तोंड वर करून फिरला नसता. पण मी यांना दोन वर्षं ओळखत होते. खरं सांगितलं असतं तर सही मेल्यावरही मिळाली नसती.

"हो जी," मी म्हटलं. "लई घाबरली होती मी. रडली, ओरडली. मास्तर होते म्हणून जीव वाचला." आणि मान खाली घालून पुढे म्हटलं, "पैज हरली मी. पण एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, बायकोच्या भीतीवर अडून बसणार नाही."

हे फुगले. सकाळी पडदा फुगला होता त्याच्या दुप्पट. "आणा तो कागद," म्हणाले, आणि थोरल्या मास्तरांच्या पाठीवर ठेवून त्यांनी नाव, आडनाव, खाली दोन रेघा अशी ऐसपैस सही ठोकली. म्हातारा ढिवर बाजूला थुंकला आणि आपला दुसरा डोंगा शोधायला निघून गेला. माझ्याशी तो पुढे कधीच बोलला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी मनात म्हणत होते, किती स्वस्तात मिळाली!

शाळा सुरू झाली. मी बाई झाले. दार ओढून घेऊन रोज सकाळी निघू लागले. आणि यांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. लग्नात, बारशात, नवा मास्तर आला की, जुना मास्तर गेला की. लाटा दरवर्षी वाढत गेल्या. मी आधी पाय धरत होते, मग गळ्यात पडू लागले, मग बेशुद्ध पडू लागले. मी भात वाढत ऐकायची आणि यांच्याकडे बघायची. त्या बघण्यात काय असतं ते यांना कधी कळलं नाही. मला मात्र त्यातच समाधान होतं. मला वाटायचं, खरं माहीत असणारी मी एकटी आहे, म्हणजे मी वरचढ आहे.

साठ साल आलं. महाराष्ट्र होऊन काही महिने झाले होते. मुलगी सात वर्षांची होती, माझ्यासारखी काळी आणि काटक. ढिवरांच्या मुलींबरोबर शिंगाडे तोडायला डोंग्यात जायचं म्हणून तिने महिनाभर हट्ट धरला होता. हे म्हणत, "आईवर गेलीस तर मधेच रडशील." त्या दिवाळीत सौंदडहून यांचे पाहुणे आले. पंगत बसली आणि वरण वाढायच्या आत यांचं वादळ सुरू झालं. मी रडते आहे, ओरडते आहे, हे एका हाताने शीड आणि दुसऱ्या हाताने मला धरून आहेत. पाहुणे हसून हसून लाल झाले.

मुलगी जेवायची थांबली. तिने सरळ मला विचारलं, सगळ्यांसमोर. "आई, तू खरंच रडली होतीस?"

माझी नोकरी केव्हाच पक्की झाली होती. तो सहीचा कागद कुठल्या कपाटात कुजत होता देव जाणे. खरं सांगितलं असतं तर माझं काहीही जाणार नव्हतं. यांनी हात हवेत तसाच धरला होता. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं.

"हो," मी म्हटलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. आठ वर्षं मी तिच्या बापाकडे तसंच बघत आले होते. मग ती आपलं ताट उचलून बापाच्या शेजारी जाऊन बसली.