आकारामतात्या चंद्रावर जायला निघाले

माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा. सांगलीच्या पूर्वेकडं, जिथं ऊस संपून बाभळी सुरू होतात, त्या पट्ट्यातल्या सगळ्या पक्षांच्या सभांना माइक माझाच असतो. त्यामुळं पुढाऱ्यांची आश्वासनं मी पहिल्या रांगेच्याही पुढं बसून ऐकलेली आहेत, आणि मला त्यांचं काही वाटत नाही. हलवायाला पेढ्याचं काय वाटणार! पण गेल्या विधानसभेला आमच्या तरसवाडीत एक आश्वासन दिलं गेलं आणि ते एका माणसानं घेतलं. घेतलं म्हणजे खरंच घेतलं, हात पुढं करून.

तो माणूस म्हणजे आकाराम मेटकरी, आमचे आकारामतात्या. बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचा. तात्या मात्र अठराव्या वर्षी फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि लडाखच्या घाटातून रसदीचे ट्रक चालवत राहिले. हवालदार होऊन परत आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दोन एकर डाळिंब, आठ-दहा शेळ्या आणि बायको अंबूबाई, एवढ्यावर त्यांचा कारभार. पहाटे उठून दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कुणी हाक मारली की "येस सर!" गावातली पोरं मुद्दाम हाक मारायची.

सभा संध्याकाळची होती. उमेदवार उदयसिंहराव. सकाळीच विरोधी उमेदवार येऊन पाणी, रस्ता आणि दवाखाना देऊन गेले होते, म्हणजे तोंडी. आता ह्यांच्याकडं द्यायला काही उरलंच नव्हतं. उदयसिंहराव बोलता बोलता थांबले, इकडंतिकडं बघितलं. बिरोबाच्या देवळामागून चंद्र वर आलेला. त्यांनी चंद्राकडं बोट केलं.

"मित्रांनो, देशानं दोन हजार चाळीस सालापर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचं ठरवलंय. मी विचारतो, तो माणूस पुण्या-मुंबईचाच का? आपल्या तरसवाडीचा का नको? मला निवडून द्या, अंतराळवीर घडवायला लागेल तेवढा निधी मी खेचून आणतो! सांगा, आहे का कुणी तयार?"

असल्या प्रश्नाला लोकांनी आरडाओरडा करायचा असतो, म्हणजे वक्त्याला पाणी प्यायला वेळ मिळतो. पण आरडाओरडा व्हायच्या आत तिसऱ्या रांगेतून आकारामतात्या उठले. टाचा जुळवल्या, छाती काढली.

"मी हाय तयार, सायेब!"

मग असा हशा उसळला की माझा एक बॉक्स करकरला. उदयसिंहराव मात्र मुरलेले. त्यांनी तात्यांना वर बोलावून स्वतःच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. "हा बघा तरसवाडीचा चांद्रवीर!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं अंबूबाईचा आवाज आला. तिला माइक लागत नाही.

"आवं सायेब, न्यायचं ठरलं. परत कवा आनून सोडनार, ते सांगा आदी!"

"परतीचा निधी दुसऱ्या टप्प्यात, वहिनी!" उदयसिंहराव म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

घरी गेल्यावर काय झालं ते अख्ख्या आळीनं ऐकलं.

"चाळीस साली तुमी किती वर्सांचं आसनार?"

तात्यांनी बोटं मोजली. "सत्त्याहत्तर."

"तवा तुमास्नी परसाकडं न्यायला मानूस लागंल! आन् निगालाय चंद्रावर!"

"आगं, शब्द गेलाय."

"मंग शब्दालाच धाडा. तुमी शेरडास्नी पाला काडा."

उदयसिंहराव निवडून आले. इतर माणसं सभा विसरली. तात्या दर सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याला आमदारांच्या कार्यालयात जाऊ लागले. तिथं विश्वजित नावाचा तरुण स्वीय सहायक बसायचा, गोड बोलून माणूस दाराबाहेर काढण्यात पटाईत.

"तात्या, चंद्राचा विषय दिल्लीचा असतो," तो म्हणायचा.

"दिल्लीनं कुटं शब्द दिलाय? शब्द सायबांचा हाय."

"प्रस्ताव प्रक्रियेत आहे."

"बरं. मंग पुडच्या सोमवारी येतो."

आणि यायचे. विश्वजितनं एकदा साहेब मुंबईला गेलेत म्हणून सांगितलं, तर तात्या म्हणाले, "आमी थांबतो. सियाचीनच्या पायथ्याला बरफात थांबलोय, हितं तर पंखा हाय." दुपारी त्यांनी डबा सोडला, शेजारी बसलेल्या लोकांना भाकरी दिली, आणि आपण कशासाठी आलोय ते सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. त्यातल्याच कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला. कडक शर्टातला म्हातारा म्हणतोय, "मी तयार हाय, निधीची वाट बगतोय." दोन दिवसांत तो आष्ट्यापासून वाईपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेला. विरोधकांनी बॅनरच लावला: "चांद्रवीर तयार, आमदार फरार!" खाली तात्यांचा फोटो, तोही हार घातलेला. हार घातलेला फोटो बघून तात्यांचे पुण्याचे मेहुणे रडत गाडीत बसले ते थेट तरसवाडीत उतरले. दारात तात्याच शेण काढत होते.

मग मात्र उदयसिंहरावांनीच तात्यांना बोलावून घेतलं. त्या दिवशी मी थकलेलं भाडं मागायला तिथं गेलो होतो, म्हणून कानांनी ऐकलं.

"आकारामतात्या, तुमाला आत्ता काय पाहिजे तेवढं सांगा. रॉकेट सोडून."

तात्यांची नात क्रांती दहावीला. तिनं आदल्याच आठवड्यात आजोबांना फोनवर दाखवलं होतं, की अंतराळवीर आधी पाण्याच्या मोठ्या हौदात उतरून सराव करतात, कारण पाण्यात माणूस हलका होतो. तात्यांनी ते मनात ठेवलं होतं.

"ट्रेनिंग पायजे, सायेब. पानी भरल्याली टाकी पायजे. मानूस बुडंल येवडी."

उदयसिंहरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता. चंद्र मागायला आलेला माणूस टाकीवर राजी होत होता. "विश्वजित, लिहून घे!"

आता ह्यातली गंमत सांगतो. तरसवाडीनं पाण्याची टाकी किती वर्षं मागितली असेल! कालवा गावापासून हाकेच्या अंतरावरून जातो. पण दर वेळी उत्तर एकच, गाव योजनेत बसत नाही. कुणी म्हणायचं उंचीवर आहे, कुणी म्हणायचं लोकसंख्या कमी. बायका हंडे घेऊन शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीला जायच्या. पिण्याची टाकी म्हणून जे बसत नव्हतं, ते 'युवा अंतराळ-कौशल्य प्रशिक्षण जलाशय' म्हणून एका बैठकीत बसलं. त्या नावाखाली दुसरं काही आलेलंच नव्हतं, त्यामुळं अडवायला नियमही नव्हता. कालव्यावरनं पाइप आला, शुद्धीकरणाची पेटी आली. इंजिनियरनं विचारलं, खोली किती ठेवू? तात्या म्हणाले, "चंद्रावर जायला लागती तेवडी." त्यानं बारा फूट ठेवली.

उद्घाटनाला मंडप माझाच. तात्यांनी पोशाखाचं विचारलं, तर मी वरातीच्या गेटला लावतो ते चंदेरी कापड दिलं. अंबूबाईनं शिव्या देत देतच त्याचा अंगरखा शिवला. डोक्यावर हेल्मेट, पायात फौजेतले बूट. उदयसिंहराव, विश्वजित, बँडवाले, सगळं गाव काठावर. मी माइकवर म्हणालो, "आता चांद्रवीर आकाराम मेटकरी पहिलं प्रात्यक्षिक सादर करतील."

तात्यांनी सलाम ठोकला आणि उडी मारली.

बँड वाजत राहिला. बुडबुडे आले. आणखी बुडबुडे आले. उदयसिंहराव टाळ्या वाजवत होते. मी म्हणालो, "आपण बघताय, तात्या अगदी वजनरहित अवस्थेत..." आणि तेव्हा अंबूबाई किंचाळली.

"आरं मुडद्यांनो, बँड बंद करा! त्यास्नी पवाया येत न्हाई!"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या गावात हंडाभर पाणी मिळायची मारामार, तिथं पोहायला शिकणार कोण आणि कशात? काठावर शंभरेक माणसं होती, आणि सगळी एकमेकांकडं बघत होती. अंबूबाईनं कुणाची वाट बघितली नाही. शेळ्यांना बाभळीचा पाला तोडायची तिची लांब आकडी हौदाच्या भिंतीला टेकवलेली होती. ती तिनं पाण्यात घातली, चंदेरी अंगरख्यात अडकवली आणि फांदी ओढावी तसं तात्यांना ओढलं. मग बाकीचे धावले. तात्या काठावर पालथे पडले, हेल्मेटमधून बदाबदा पाणी निघालं. खोकत खोकत त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "बूट जड झालं."

उदयसिंहराव घाबरून पांढरे पडले होते. पण पुढारी तो पुढारीच. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. "बंधूंनो! आपल्या चांद्रवीराचं यशस्वी पुनरागमन झालेलं आहे!" गावानं टाळ्या वाजवल्या. अंबूबाई आकडी हातात धरून त्यांच्याकडं बघत होती. ते पुढचं भाषण न करताच गाडीत बसले.

दुसऱ्या दिवसापासून हौदावर बायका हंडे घेऊन यायला लागल्या. तात्यांना ते पटेना. काठावर उभं राहून ते ओरडायचे, "ए, ट्रेनिंग चालू हाय हितं!"

"चालू द्या की, तात्या. आमी कडंकडंनं घेतो."

"उद्या सायेब इचारतील, पानी कमी का झालं?"

"सांगा, चांद्रवीर प्याला!"

अंबूबाईनंच मग तोडगा काढला. शुद्धीकरणाच्या पेटीला बाजूनं नळ बसवून घेतला, आणि सकाळी पाणी भरून झाल्यावर ट्रेनिंग असं ठरवलं. जोतिबा नावाचा एक गडी कृष्णाकाठच्या गावातून इथं सासुरवाडीला येऊन राहिला होता. त्याला पोहता यायचं. त्यानं तात्यांना शिकवायचं कबूल केलं. बासष्टाव्या वर्षी पाठीला रिकामे कॅन बांधून तात्या पाण्यात उतरले. महिनाभर हातपाय मारले, नाकातोंडात पाणी गेलं. एक दिवस कॅन सोडून ते पाठीवर आडवे झाले, आणि तरंगले. हात पसरलेले, डोळे मिटलेले. किती तरी वेळ ते हललेच नाहीत. अंबूबाईला शंका येऊन तिनं आकडीनं हळूच टोचून बघितलं.

बाहेर आल्यावर ते माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, "तात्या, खरं सांगा. त्या दिवशी सभेत उठलात कशाला? साहेब आपलं बोलायचं म्हणून बोलत होते, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

ते टॉवेलनं कान पुसत राहिले.

"कळत व्हतं की. मी काय खुळा हाय? पर गड्या, फौजेत रोज कुनीतरी इचारायचं, कोन तयार हाय? आन् मी हात वर करायचो. घरी आल्यापास्नं बावीस वर्सांत आसं कुनी इचारलंच न्हाई बग. त्या दिवशी इचारलं. पाय आपोआप उबं ऱ्हायलं."

तेवढ्यात पाण्यातून क्रांती ओरडली, "आज्जा, माझा डाइव्ह बघा!" आणि ते उठून तिकडं गेले. आता गावातली वीसेक पोरं-पोरी त्यांच्याकडं शिकतात. शिटी वाजवून रांगेत उभं करतात, बूट घालून कुणालाही पाण्यात उतरू देत नाहीत.

परवा पलीकडच्या गावचे सरपंच बाळासो तीन माणसं घेऊन त्यांच्याकडं आले. चहा झाला. बाळासो घुटमळत म्हणाले, "तात्या, आमच्या गावालाबी चंद्रावर जायाचंय. कसं करायचं?"

"पानी कुटनं आनता सध्या?" तात्यांनी विचारलं.

"टँकरनं."

तात्यांनी मान डोलावली. मग ते गंभीर झाले. "मानूस कोन निवडलाय?"

बाळासोंनी मागं उभ्या असलेल्या, गुंडा नावाच्या गड्याला पुढं ढकललं. गुंडा गावचा पैलवान, दारातून तिरका होऊनच आत आला होता. तात्यांनी चष्मा लावला, त्याला दोनदा गोल फिरवून बघितलं, श्वास कोंडून धरायला लावला. गुंडा लाल झाला, मग जांभळा झाला.

"मानूस चांगला हाय," तात्या शेवटी म्हणाले. "पर ह्याला टाकी मोटी मागाय लागंल."

"व्हय, व्हय," बाळासो घाईनं म्हणाले. "मोटीच पायजे आमाला!"