बुरुजावरून दिसणारी नदी

गाइडदादांना मी किती कमी ओळखत होतो, ते काल त्यांच्या अंत्ययात्रेनंतर कळलं. पानगळीत खोऱ्यात पर्यटक आले की दादा जुन्या बुरुजाखाली उभे राहून वरून दिसणारं नदीचं वळण, तांबूस झाडी, होड्या असं रंगवायचे की लोक धावतच पायऱ्या चढायचे. बुरूज झाडायचं काम माझं.

वहिनी म्हणाल्या, "हे उंचीला फार घाबरायचे हो. जन्मात कधी वर गेले नाहीत."

अजून विश्वास बसत नाही.

परवाच झाडू घेऊन खाली उतरलो, तर दादांनी नेहमीसारखं विचारलं, "काय गड्या, नदी कशी दिसतेय आज?"

"कालच्यासारखीच. तुम्हीच बघा की वर जाऊन!"

"गुडघे कुठे ऐकतात? तू नीट सांग. होड्या निघाल्या का?"

"निघाल्या, दादा."