एकच आरोळी शिल्लक

कुरामोचींचं वय एकसष्ट, पण आमच्या ॲनिमेशन मालिकेत ते एकतीस वर्षं सतराचेच राहिले. अंतराळात अवाढव्य यंत्रमानव चालवणाऱ्या पोराला आवाज त्यांचा. पोरगं दर भागात मार खातं, पडतं, आरोळी ठोकून उठतं आणि जग वाचवतं. काचेमागे बसून ते सगळं ध्वनिमुद्रित करणारी मी, निशिवाकी. त्या आरोळ्यांचा मला वीट आला होता, खोटं कशाला बोलू.

शेवटचा भाग आला तेव्हा त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर तसं ओरडता येणार नव्हतं.

"घशात एकच आरोळी शिल्लक आहे गं," ते म्हणाले.

"मग तालमीत नुसतं पुटपुटा. उगाच शहाणपणा नको."

"मला शिकवतेस?"

आमच्याकडे आधी तालीम, मग खरं ध्वनिमुद्रण. तालीम मी कधीच टिपत नाही. चित्रं नेहमीप्रमाणे तयार नव्हती; पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा, प्रत्येक पात्राची वेगळी. आपली रेघ दिसतेय तोवर बोलायचं.

तालीम सुरू झाली. हिरोच्या मरणाऱ्या सोबतिणीचं काम मिझुहो नावाची नवी मुलगी करत होती. तिनं वाक्य असं म्हटलं की मीसुद्धा सावरून बसले. म्हातारा मात्र भान विसरला. त्यांची लाल रेघ आली आणि त्यांनी जीव खाऊन आरोळी ठोकली. इतक्या वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं, आणि माझा हात बटणावर नव्हता.

खऱ्या ध्वनिमुद्रणाला त्यांच्या घशातून नुसती हवा आली, थोडी खरखर.

दिग्दर्शक सोनोबे कपाळ चोळत म्हणाले, "जुन्या भागातली उचलू. ढिगानं पडल्यात."

कुरामोचींनी संहितेच्या पाठीवर लिहिलं, 'नको. हीच ठेवा.'

"अहो, हिरो असा उठतो का?"

'एकतीस वर्षांनी असाच उठतो.'

सोनोबेंनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "ठेव."

मी ठेवली. सगळे गेल्यावर कुरामोची जिन्यात बसले होते, तिथे मी गेले. "चूक माझी," मी म्हटलं. "तालमीतली टिपायला हवी होती. माफ करा."

त्यांनी हातानंच जाऊ दे म्हटलं. मग कागद गुडघ्यावर धरून लिहिलं, 'कशी होती?'

"सगळ्यांत चांगली," मी म्हटलं. एकतीस वर्षांत त्यांना चांगलं असं मी पहिल्यांदाच म्हणत होते.