एक स्थानिक तरुण

माय कापसाच्या जिनात राबायची. कापसाची धूळ छातीत बसली, तिचा खोकला कधी सुटलाच नाही. त्या मजुरीवर मी वर्ध्याच्या कॉलेजात बी. ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिला.

अर्थशास्त्राच्या सरांनी मला गावपाहणीला घेतलं. समुद्रपूरकडचं गाव. सर आणि त्यांचे दोन सहायक पाटलाच्या ओसरीवर बसत, वरच्या आळीतल्या लोकांना तिथंच बोलावून घेत. आमच्या लोकांच्या वस्तीत ते पाय ठेवत नसत. ती सगळी घरं माझ्याकडे. बाया परक्या पोरापुढे बोलेनात, म्हणून मायला नेलं. ती चुलीपाशी बसायची. काय खातात, कुठलं पाणी पितात, किती पोरं गेली, बाया तिला सगळं सांगायच्या. मी लिहायचो.

शेवटच्या दिवशी पाटलानं जेवण दिलं. ते तिघं माजघरात. मी आणि माय गोठ्यात.

पुढे निबंध छापून आला. नावं तीन. खाली आभार: ‘वस्तीतील माहितीसाठी एका स्थानिक तरुणाचे साहाय्य झाले.’

मी सरांकडे गेलो. दोन्ही सहायक तिथंच बसले होते.

“अरे, नावं त्या दिवशी जेवतानाच ठरली.”

“जेवत तर मीही होतो सर. गोठ्यात.”

सर हसले. “पुढच्या गावाला ये. तुझ्याशिवाय वस्तीत जाणार कोण?”

विटाळ होतो म्हणून वस्तीत न जाणारे हे, वस्तीचे जाणकार. आमची उपाशी पोटं यांना निबंधात चालतात. आम्ही चालत नाही.

“माझं नाव असेल तर येईन. आणि माझ्या मायचं.”

“अंगठा उठवणारी बाई लेखिका?” एक सहायक फिसकन हसला. “मग पाटलाच्या बैलाचंही घालू.”

मी तिथून निघालो. काम गेलं. घरी मायला म्हटलं, आता आपण दोघंच करू.

“माह्यं नाव कशाले? मले वाचता तरी येते काय?”

“लोकं वाचतीन. तुले कशाले वाचा लागते?”

“मंग कोणाच्या गोठ्यात नाई बसाचं,” माय म्हणाली. “भाकर घरून नेऊ.”

गावोगाव हिंडलो, निबंध लिहून एका मासिकाला पाठवला. संपादकानं मायचं नाव गाळून छपाईचा कागद तपासायला पाठवला. मी परत केला. दोन्ही नावं, नाही तर निबंध नाही. त्यानं पुन्हा गाळलं. मी पुन्हा परत केला. आमच्या घरांतलं एक अक्षरही यापुढे आमच्या नावाशिवाय कुणाला मिळणार नाही, हे तेव्हाच पक्कं केलं.

निबंध छापून आला. नावं दोन. पहिलं मायचं.