एकाच रेणूचे दोन आकार

प्रबंधाची पानं पुढे सरकत नाहीत, किस्से मात्र आपोआप साठत जातात. जबलपूरच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये आम्ही तिघंच: देशकर सर, माझ्यासोबत पीएचडी करणारा दुबे आणि मी. काम एकच. एका रेणूचा आकार दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा, एकावर एक ठेवायचा आणि फरक बघायचा. फरकाचा एक आकडा येतो. शून्याच्या जितका जवळ, तितकं चांगलं.

*

पहिल्याच आठवड्यात माझा एक रेणू दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आला. सर चष्मा पुसत म्हणाले, "हा फुगला काहून?"

दुबे म्हणाला, "दीदी, आपवाला खाना ज़्यादा खा गया."

दिवसभर शोधलं. दोन्ही सॉफ्टवेअरची अंतर मोजायची एककंच वेगळी होती, इंच आणि सेंटिमीटरसारखी.

*

मग दुबेची पाळी. त्याचे दोन्ही रेणू दिसायला अगदी सारखे, पण आकडा भलताच मोठा. तीन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. शेवटी सरांनी दोन्ही फाइली छापून शेजारी ठेवल्या. अणूंना नंबर देण्याचा क्रम वेगळा होता. कार्बनची तुलना हायड्रोजनशी चालली होती.

"वर्गातली पोरं तीच आहेत," सर म्हणाले, "हजेरीपट दोन आहेत."

*

दीक्षितपुऱ्यात घरी मी लॅपटॉपवर दोन रेणू फिरवत बसले होते. काही केल्या एकावर एक बसेनात. बाबा फॅक्टरीत फिटर होते, आता रिटायर झालेत. चहा घेता घेता मागून बघत होते.

"काय करून राहिली?"

"हे दोन जुळत नाहीत, बाबा."

"कसे जुळतील? एकाचे आटे डावे आहेत, एकाचे उजवे."

खरंच होतं. फाइल बदलताना एक रेणू आरशातल्यासारखा उलटा झाला होता. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बाबांना सोमवारपासून पाठव."

*

प्रबंधातला शेवटचा तक्ता. सहा महिने छळणारा रेणू एका दुपारी जुळला. आकडा शून्य. सरांनी खोव्याची जलेबी मागवली, शेजारच्या विभागातही वाटली. प्रबंध त्याच आठवड्यात द्यायचा होता.

जलेबी खाता खाता मी सहज फाइलींची नावं पाहिली. एकच फाइल दोनदा उघडली होती. दुबेला दाखवलं. तो हळूच म्हणाला, "दीदी, किसी को पता नहीं चलेगा."

मी हात पुसले. मग सरांच्या खोलीत गेले.

"सर, ते दोन नव्हते. एका फाइलची तुलना तिच्याशीच झाली. तक्ता काढून टाकावा लागेल."

सर रागावले नाहीत. हातातला तुकडा त्यांनी कागदावर ठेवला, कपाटातून स्वतःचा जुना प्रबंध काढला आणि पानं उलटत एका तक्त्यापाशी थांबले. एका आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

मी वाकून पाहिलं. तिथेही एक शून्य होतं.