हात की पेटी

पडद्यावर काहीही चालू असलं तरी माझी नजर आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. तिथं एक हिरवा आकडा असतो. तो साठवर असला की जीव भांड्यात पडतो, खाली घसरायला लागला की हातातलं काम सुटतं. लोक देवाला घाबरतात, साहेबाला घाबरतात. मी गेलं वर्षभर एका आकड्याला घाबरून काढलं. आमच्या घरात एका माणसाचा उजवा हात त्या आकड्याशी बांधला गेला होता.

याची सुरुवात दौंडला, एका लग्नात झाली. आबा, म्हणजे माझे वडील, पंगतीत बसले होते आणि मी वाढत होते. भाताचा घास त्यांच्या हातातून पत्रावळीवर पडला. त्यांनी तो उचलला, तो परत पडला. "हाताला मुंग्या आल्यात, जातील," ते म्हणाले. आमच्यात भरल्या पंगतीतून कुणी उठत नाही, शेजारच्याचा अपमान होतो. शेवटचा माणूस हात धुवायला जाईपर्यंत आबा तसेच बसून राहिले, आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी त्यांना बसू दिलं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका होता, लगेच आणलं असतं तर हात एवढा गेला नसता. आबांचं बोलणं वाचलं, चालणं वाचलं. उजवा हात मात्र नावापुरता राहिला, आणि पुन्हा झटका येऊ शकतो हे वाक्य आमच्याबरोबर घरी आलं.

आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलंय. गावी, निमोण्यात, शेती करायला लागल्यावरसुद्धा लोकर कातरायला लोक त्यांनाच बोलवायचे. त्यांच्या हातात कातर असली की मेंढी अंग चोरायची नाही. आता त्याच हातात चमचा ठरत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो आबांनी डाव्या हाताने अंगणाबाहेर भिरकावला. "मी काय रांगतं पोर हाय व्हय?"

मी शिक्रापूरला कंपनीत कामाला जाते, आई-आबा आणि मी राहतो शिरूरला. गेमचं वेड मला कॉलेजपासूनचं. तेव्हाच्या एका कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावरचा, मेंढ्या हाकायचा गेम डिस्कवर राहिला होता. चेंडूऐवजी आबांच्या हाताला तोच द्यावा असं माझ्या मनात आलं. कन्सोल केव्हाच मेला होता. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरला त्या कन्सोलचं सोंग घ्यायला लावतो. पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मोठं मशीन सोडून मी मिठाईच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर आणला, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये असलेला. आई त्याला पेटी म्हणायला लागली, मग आम्हीही.

आबांना मी त्यांच्या भाषेत समजावलं. एका विहिरीवर दोन मोटारी. एक हिशेब करते, दुसरी चित्र काढते. एकीने जोर केला की दुसरीचं पाणी कमी. रॅमही, म्हणजे हाताशी लागणारी मेमरीही, दोघींना एकच. आधी रॅमची एकच पट्टी होती तेव्हा मेंढ्या लंगडत होत्या, दुसरी बसवल्यावर चालायला लागल्या. टीव्हीवर चित्र सुबक दिसावं हा मोह मी आवरला, जुन्या कन्सोलसारखं धूसरच ठेवलं, तेव्हा कुठं कोपऱ्यातला आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडतात ती मोजणी, साठवर टिकला. जुने गेम म्हणजे हलकं काम, असं समजणाऱ्यांनी एकदा हे सोंग वठवून बघावं.

"आन् मोटार तापली तर?" आबांनी विचारलं.

"तर पेटी आपण होऊन हळू होते. जळू नये म्हणून."

"शहाणी हाय."

उजव्या अंगठ्याने बटण दाबलं की शीळ वाजते, कुत्रं धावतं आणि मेंढ्या कुंपणाकडे वळतात. पहिल्या दिवशी आबांनी सगळा कळप ओढ्यात घातला आणि खापर गेमवर फोडलं. "ही मेंढरं येडी हायत. यांची म्होरकी कुठंय? म्होरकीबिगर मेंढरू पाऊल टाकत न्हाई." पण दुसऱ्या दिवशी चहा पिताच त्यांनी रिमोट मागितला. कंट्रोलरला ते रिमोटच म्हणतात. हळूहळू अंगठा हलायला लागला, मग त्याच्या शेजारचं बोट. आईने एकदा मला स्वयंपाकघरात ओढून दाखवलं, आबा उजव्या हाताने भाकरी मोडत होते. आम्ही दोघी तिथंच रडलो.

भीती मात्र गेली नाही. आकडा घसरला की हा गेम नुसता अडखळत नाही, त्यातलं सगळं जगच संथ होतं. मेंढ्या चिखलातून चालल्यासारख्या चालतात, शीळ लांबते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आबांचा चेहरा उतरला.

"पोरी, हात की पेटी?"

"पेटी, आबा." आणि मी त्यांना कोपऱ्यातला आकडा दाखवला. साठ असला की पेटी ठीक. कमी झाला की दोष पेटीचा, तुमचा नाही. ते आकडा बघायला शिकले. तरी दरवेळी विचारायचे, हात की पेटी? आणि दरवेळी मी आधी कोपऱ्यात बघून मगच उत्तर द्यायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो.

दसऱ्याला आईने विळा, कोयता, आबांची कातर, माझी गाडी आणि पेटी, सगळ्यांची पूजा केली. "ह्यांच्या हाताचं हत्यार हाय आता ते," ती म्हणाली आणि तिने पेटीला झेंडूच्या हाराचे दोन वेढे घातले. मी हार सरकवायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. पूजेचा हार ओढून काढायचा नसतो, तो आपसूक गळायचा असतो. गाडीच्या नाकावर तो महिनाभर वाळत राहतो, कुणाचं काही बिघडत नाही. पेटीला मात्र श्वास घ्यायला हाराखाली झाकलेल्या त्याच जाळ्या होत्या.

थोड्याच दिवसांत मेंढ्या पुन्हा चिखलात गेल्या. आकडा तिसाच्या आसपास होता, म्हणजे पेटीच. मला ते दिसत होतं आणि तरी मी डॉक्टरांनी शिकवलेली झटक्याची तपासणी करायला आबांसमोर बसले. आबांनी रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही तळवे मांडीवर शेजारी शेजारी मांडून बघत बसले.

"हसा आबा. दोन्ही हात वर करा. गावाचं नाव सांगा."

ते हसले, हात वर केले. "निमोणे. आन् तुझं डोकं फिरलंय."

मी पेटी उघडली. पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या. दात घासायच्या जुन्या ब्रशने त्या काढल्या, आणि आकडा पुन्हा साठवर गेला. आबा डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. आई पाकळ्या ओंजळीत घेऊन उभी होती. "मी चांगल्यासाठीच घातला होता गं," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, भीतीचं मूळ सापडलं, आता घाबरायचं कारण नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी आई ओसरीत मेथी निवडत होती आणि मी आबांच्या शेजारी बसले होते. पडद्यावर एक मेंढी ओढ्यात पडली. मग दुसरी. शीळ वाजतच नव्हती. मी कोपऱ्यात बघितलं. साठ. डोळे चोळून परत बघितलं. साठच. मेंढ्या टणाटण पळत होत्या, कुत्रं जागेवर शेपूट हलवत उभं होतं. आबांचा अंगठा बटणावर होता, पण दाबत नव्हता.

"पोरी," ते म्हणाले, आणि त्यांची जीभ जड लागली. "हात की पेटी?"

"पेटी, आबा. पाकळी राहिली असेल आत एखादी." बोलता बोलता मी उठले, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि आईला हाक मारली, आबांच्या चपला आण, लवकर आण.

आबांनी सावकाश मान वर केली आणि डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. मीच शिकवलं होतं त्यांना. बराच वेळ ते त्या हिरव्या आकड्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातल्या किल्लीकडे.

"पेटी बिघडली," ते म्हणाले, "तर गाडी कशाला काढतीस?"

मी त्यांच्यासमोर वाकले. आबांनी डाव्या हाताने माझा खांदा धरला आणि मी न सांगताच ते उभे राहिले. त्यांच्या तोंडाची एक बाजू हसत होती.

"चल बिगीबिगी," ते म्हणाले. "हितं काय पंगत बसली न्हाई."